मुकं झालेलं चाक

माझं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्यात. तुम्ही पाहिलेलं नसणार गुरुजी, आणि पाहण्यासारखं तिथं काही नाही, दगडच आहेत, आणि आमचं घर त्या दगडांवरच चालायचं. वडील जात्याला टाकी लावायचे. म्हणजे कसं, जातं दळून दळून गुळगुळीत झालं की दाणा नुसता सरकतो, पीठ पडत नाही, मग छिन्नीनं त्याच्या तोंडाला पुन्हा खरबरीतपणा आणायचा. वडील गावोगाव हिंडायचे, मी मागं पिशवी घेऊन. बायका म्हणायच्या, परवाच तर लावली होती टाकी, आता कशाला. वडील जात्याचा वरचा दगड उचलायचे, आत बोट फिरवायचे आणि सांगायचे, अजून दोन महिने चालेल ताई, दिवाळीनंतर बघू. नाहीतर म्हणायचे, आजच लावा, पिठात दगड येतोय. खोटं सांगून त्यांनी काम घेतलेलं मला आठवत नाही. मी पाचवीत असताना दगडाची कपची उडून त्यांच्या डोळ्यात गेली आणि डोळा गेला, तिथं माझी शाळा सुटली. वाचायला येतं, जोडाक्षराला अडतो. म्हणून तर तुमच्याकडं येऊन बसतो, आणि तुम्ही म्हणता सांग, मी लिहितो, तर माझ्यासारख्याचं लिहायचं काय हेच मला समजत नाही.

अठराएक वर्षांचा असेन तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, तारापूरकडं समुद्राकाठी मोठं वीजघर बांधायला काढलंय, दगड फोडायला माणसं पाहिजेत, आपल्या हातात ते आहेच. आलो. काय सांगू तुम्हाला, समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं पूर आलाय आणि ही माणसं पळत का नाहीत. दोन दिवस मी त्याच्याकडं पाठ करून झोपलो नाही. आणि ते वीजघर, डोंगर कापून चौकोनी करावा तसं वर चढत होतं, लोक सांगायचे, आत लाकूड जळणार नाही, कोळसा जळणार नाही, धूर येणार नाही, आणि तरी मुंबईपर्यंत दिवे लागणार. मी मान हलवायचो. भीतीच वाटायची खरं तर. त्या खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप झाला, चुलतभाऊ काम सोडून गावी गेला, आणि मुकादमानं मला पालघरच्या दवाखान्यात सोडलं ते सोडलंच, परत न्यायला कुणी आलं नाही.

दवाखान्यातून सुटलो आणि स्टेशनाजवळ एका गॅरेजच्या पडवीत बसलो, उभं राहवत नव्हतं म्हणून. ते गॅरेज आप्पांचं. आप्पा इथलेच, पालघरजवळच्या माहीमचे, त्यांची तिकडं पानवेलीची आणि केळीची वाडी, पण लढाईच्या वेळी सैन्यात गेले आणि ब्रह्मदेशात मोटारसायकली दुरुस्त करायला शिकून आले. तोफेनं त्यांचे कान गेलेले, मोठ्यानं बोलावं लागायचं. त्यांनी मला विचारलं, काय येतं तुला? मी म्हटलं, दगडाला टाकी लावता येते. ते हसले नाहीत. म्हणाले, म्हंजे बोटाला कळतं. बस आत. आणि आतून पेज आणून दिली. एवढंच. त्यानंतर मी तिथंच आहे बघा. माझ्या आईनंसुद्धा मला इतकं थोडं बोलून इतकं दिलं नसेल, हे मी देवाशप्पथ सांगतो.

आता आप्पा बहिरे, तर गाडीचा आवाज कसा ओळखायचे? हे तुम्ही लिहा गुरुजी. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकाच्या मधोमध टेकवायचे, एक्सलवर, म्हणजे ज्या दांड्यावर चाक फिरतं त्यावर, आणि मूठ दातात धरायचे. दातात! मग मला म्हणायचे फिरव. मी चाक फिरवायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे, दातांनी. थोड्या वेळानं मूठ तोंडातून काढून सांगायचे, उजव्या बाजूच्या बेअरिंगचा एक छर्रा खडबडीत झालाय. उघडलं की तसंच निघायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो, तर म्हणाले, ऊठ रे, दात हाय तवर कुनीबी करील.

बेअरिंग म्हणजे काय तर दोन कडी, एकात एक. आतलं कडं एक्सलवर, बाहेरचं चाकात गच्च, आणि दोघांच्या मधे पोलादाचे छर्रे, वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, एका जाळीत बसवलेले. चाकाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक, आणि दोन्हींच्या मधे नळी. बस. आप्पांनी एकदा नवीन बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, गाडीवर नवरा, बायको, मागं तांदळाचं पोतं, आनि सगळा भार कशावर, तर यावर. आनि आठही छऱ्यांवर नाय, खाली असतील त्या दोन-तीनांवर. मी त्यातला एक छर्रा बघत राहिलो. त्यात माझं तोंड दिसत होतं, एवढुसं, आणि मागं अख्खं गॅरेज, रस्ता, आभाळ. मला वाटलं ज्यानं हा इतका गोल केला तो माणूस कसा असेल, जेवत असेल का तो आपल्यासारखा.

आणि हे बघायचं कधी? आप्पांचं म्हणणं, टायर बदलायला चाक काढलं की करंगळी आत घालून कडं फिरवून बघायचंच, त्याला वेगळं निमित्त लागत नाही. जुनी गाडी विकत घेतली तर पहिलं काम हे. इतर गावात वर्षाकाठी बघा, इथं किनाऱ्याला मात्र पावसाच्या आधी आणि पावसानंतर, आणि चाक मधोमध बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली तर घरी पोचल्यावर लगेच, कारण खारं पाणी आत गेलं की ते बाहेर यायची वाट विसरतं. चाक वर उचलून वरखाली हलवलं आणि कटकट लागली, किंवा फिरवताना जात्यासारखी घरघर आली, किंवा बोटाला रेती लागल्यासारखं लागलं, की बदला. आणि एक गेलं असलं तरी दोन्ही बदला, दोघं बरोबरच म्हातारी झालेली असतात. ठोकून बाहेर काढलेलं परत घालायचं नाही. हे सगळं मला पाठ होतं, शाळेतलं काही इतकं पाठ नव्हतं. आणि पाठ होतं म्हणूनच मी चुकलो.

तर झालं असं. बोईसरपलीकडं किनाऱ्याला दांडी गाव, तिथं एक धाकूभाऊ म्हणून होता, मच्छीमार, तीस-बत्तीसचा, हाडापेरानं दणकट. वीजघराच्या कामावरचा एक साहेब बदलून गेला त्याची मोटारसायकल यानं घेतली. दांडीतली पहिली फटफटी. मिरवायचा असा की काय सांगू, कोळंबीचं वाटप करायला पण फटफटीवर. ओहोटीला ओल्या वाळूवरून पळवायचा, आणि संध्याकाळी खाडीत नेऊन बैल धुवावा तशी धुवायचा. आप्पा त्याला ओरडायचे, तर हा म्हणायचा, आप्पा, माजी होडी बारा वर्सं खाऱ्या पान्यात हाय, तिला काय झालं? लाकूड न् लोखंड एक असतं काय रे, आप्पा म्हणायचे, आणि हा हसत निघून जायचा.

त्या दिवशी दुपारी तो माहीमहून आला. बायकोचं माहेर माहीमचं, पहिलं बाळंतपण तिकडं झालेलं, मुलगी झाली होती, दीड महिन्याची. तिला आणि बायकोला घेऊन तो दांडीला निघालेला, फटफटीवर. हिरावहिनी मागं एका बाजूला बसलेली, मांडीवर दुपट्यात ते एवढंसं बाळ, टोपडं घातलेलं. मी म्हटलं, भाऊ, बसनं जायचं. वहिनी म्हणाली, मी पन तेच सांगते, ऐकतो कोन. धाकूभाऊ म्हणाला, माजी पोरगी बशीतून घरी येनार? आख्खं दांडी नाक्यावर उभं असंल बघायला. मग मला म्हणाला, काय रे घाटावरल्या, तुजा म्हातारा कुठं हाय? पुढचं चाक जड लागते, बघ जरा, पन लवकर, पोर झोपलीय तवर.

आप्पा जेवायला गेले होते. मी गाडी ठोकळ्यावर चढवली, पुढचं चाक अधांतरी केलं. वरखाली धरून हलवलं, कटकट नाही. गरकन फिरवलं, घरघर नाही, काही नाही, देवळातल्यासारखं शांत. फक्त चाक लवकर थांबत होतं, तर मी म्हटलं ब्रेक घासत असेल, आणि ब्रेक थोडा सैल केला. मधल्या भागावर काळपट चिकट काहीतरी होतं ते फडक्यानं पुसलं. स्क्रू ड्रायव्हर दातात धरावा असं मनात आलं होतं, खोटं नाही बोलत, पण समोर वहिनी बसलेली, बाळ कुरकुरायला लागलेलं, धाकूभाऊ म्हणत होता, चाटतोस काय चाक, आटप की! मला लाज वाटली. मी म्हटलं, ठीक आहे, जा भाऊ.

ते गेले. पंधरा-वीस मिनिटांनी आप्पा आले. कोण आलं होतं, विचारलं, मी सांगितलं, धाकूभाऊ, चाक जड लागत होतं, ब्रेक सैल करून दिला, बेअरिंग मुकं आहे, एकदम मुकं. आप्पा थांबले. मुकं? ते म्हणाले, खाडीत बुडनारी गाडी आनि बेअरिंग मुकं? चाकाला वास कसला येत होता? मी म्हटलं, मासळीचा, धाकूभाऊच्या सगळ्यालाच मासळीचा वास येतो आप्पा. कुठल्या मासळीचा? आता मला काय कळणार गुरुजी, मी दगडातला माणूस, मला पालघरपासून तारापूरपर्यंत सगळा मुलूखच एका वासाचा. बोंबील काय, मांदेली काय, सुकट काय, मला सगळं एक. आप्पांनी ते फडकं उचललं, नाकाला लावलं, आणि त्यांचं तोंड असं झालं की मला खाली बसावंसं वाटलं.

मुशीचं तेल, ते म्हणाले. त्यानं चाकाला होडीचं तेल पाजलंय.

मुशी म्हणजे तो मोठा दातेरी मासा, त्याच्या काळजाचं तेल काढून इथं होड्यांना चोपडतात, ते वाळलं की लाखेसारखं घट्ट बसतं, लाकडाला पाणी शिवू देत नाही. धाकूभाऊला वाटलं, होडी टिकते तर चाक पण टिकेल. त्यानं प्रेमानंच केलं हो. पण ते तेल आतलं ग्रीस धुऊन नेतं आणि स्वतः आत चिक्कीच्या पाकासारखं आळून बसतं. आप्पांनी मला तसंच समजावलं. चिक्कीत दाने हलतात काय? आत छर्रे फुटलेले असले, जाळी तुटलेली असली, तरी सगळं पाकात चिकटून राहनार. चाक हलनार नाय, बोलनार नाय. पन रस्त्याला गरम झालं की पाक पातळ होनार, मग तुकडे सुटनार, आनि एक तुकडा आडवा गेला की पुढचं चाक जागच्या जागी बंद. बोईसर येईपर्यंत गरम व्हायला लागलेलं असंल.

माझ्या डोळ्यांपुढं ते टोपडं आलं. बोईसरच्या रस्त्यावर तेव्हा कामाचे ट्रक नुसते सुटलेले असायचे, खडी, सिमेंट, सळया. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही चला. तुम्ही सांगितलं तर ऐकेल. आप्पांनी हत्यारांची पिशवी भरली, लाकडी कपाटातून पत्र्याचा डबा काढला, त्यातून मेणकागदात गुंडाळलेली दोन नवी बेअरिंगं काढली. मुंबईहून मागवावी लागायची तेव्हा, महिना महिना यायची नाहीत, ती जोडी त्यांनी स्वतःच्या, तशाच पण खोलून ठेवलेल्या गाडीसाठी जपलेली मला माहीत होती. पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाले, ठीक हाय असं तू सांगितलंस. नाय ठीक, हे पन तूच सांगायचं. पळ.

पळालो. नाक्यावर सिमेंटचा एक ट्रक बोईसरकडं तोंड करून होता, सरदारजी चालवत होता, मी दाराला लोंबकळलो. तो म्हणाला, क्या हुआ, घर में कोई बीमार है? मी माझ्या हिंदीत म्हटलं, घर में नहीं, पहिये में. तो हसायला लागला. मग मी म्हटलं, गाडी पे औरत है, गोद में बच्चा है, पहिया मैंने देखा, मैंने बोला ठीक है, ठीक नहीं है. तो हसायचा थांबला. बैठ, म्हणाला, आणि भरलेला ट्रक असा हाणला की पोती मागं नाचायला लागली. सगळ्या वाटेवर मी रस्त्याच्या कडेला बघत होतो, आणि खरं सांगू का, मला बाळाची भीती वाटत होती आणि त्याच्या आड माझी स्वतःचीही वाटत होती, की आता हे सगळ्यांना कळणार, आप्पा मला ठेवणार नाहीत, दांडीचे लोक मारतील, मी इथं कुणाचा आहे? अशा वेळीसुद्धा माणसाला स्वतःची आठवण येते, याची मला अजून लाज वाटते.

उमरोळी मागं पडली आणि पुढं एका चिंचेखाली फटफटी उभी दिसली. उभी. स्टँडवर. बाळाला भूक लागून ते रडायला लागलं होतं, म्हणून वहिनीनं थांबायला लावलं होतं, ती झाडाच्या बुंध्याआड पाठ करून त्याला पाजत बसलेली. त्या लेकराला भूक लागली म्हणून ती थांबली, गुरुजी. दुसरं काही नाही. सरदारजीनं हात जोडले, स्टिअरिंगलाच, आणि मला उतरवून गेला. त्याचं नाव मला माहीत नाही.

मी धाकूभाऊपुढं जाऊन उभा राहिलो. तो विडी ओढत होता. म्हणाला, काय रे, काय राहिलं तुजं? मी म्हटलं, भाऊ, चाक ठीक नाही. तो म्हणाला, आत्ता ठीक व्हतं ना? कोन म्हनालं ठीक? मी म्हटलं, मी म्हणालो. मी चुकलो. चाक उघडायला पाहिजे. तो म्हणाला, आरं, पन गाडी तर फुलासारखी हलकी झालीय, तुज्या हाताला गुन हाय! आणि पाठीवर थाप मारली. हलकी झालीय म्हणजे पाक सुटायला लागला होता. मी सांगायला लागलो, मुशीचं तेल, चिक्की, तुकडे, सगळं उलटसुलट, तर तो भडकला. म्हणाला, माज्या बापानं त्या तेलावर होड्या चालवल्या, तू दगड फोडनारा मला तेल शिकवतोस? गावात बाया आरती घेऊन बसल्यात. हट बाजूला. आणि किक मारायला पाय उचलला.

मी पुढच्या चाकापुढं बसलो. काय करणार? सांगून पटेना तर बसलो. तो म्हणाला, ऊठ, न्हाईतर अंगावरून नेईन. तेवढ्यात वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन झाडाआडून आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, सिमेंटनं मी पांढरा झालेलो. ती नवऱ्याला म्हणाली, चुकलो म्हनायला तो पालघरवरनं आलाय. बरोबर हाय म्हनायला कुनी इतक्या लांब येत नाय. उघडू दे. धाकूभाऊ म्हणाला, आगं पन उशीर… ती म्हणाली, मी बसत नाय. तुमी जा एकटे, दावा गावाला फटफटी.

त्यानं पाय खाली घेतला. मी त्याचा हात धरला आणि चाकाच्या मधल्या भागावर ठेवला, त्यानं चटकन काढून घेतला. भाजलं. सावलीत उभी होती गाडी, तरी.

मग तो कामाला लागला. दोघांनी गाडी दगडावर टेकवली, चाक काढलं. आतून पंच, म्हणजे बोथट पोलादी दांडी, लावून, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला असं हळूहळू ठोकत मी बेअरिंग बाहेर काढलं. काळं, चिकट, पण हातात घेऊन फिरवलं तर तेव्हासुद्धा मुकं. धाकूभाऊ म्हणाला, बघ, काय झालंय त्याला? मी टाकीतून थोडं पेट्रोल करवंटीत काढलं आणि बेअरिंग त्यात बुडवून दातांच्या ब्रशनं घासलं, एकदा, दोनदा, पेट्रोल चहासारखं झालं, ओतून दुसरं घेतलं. आणि गुरुजी, ते जे आतून दिसायला लागलं. जाळीचे तीन तुकडे. दोन छर्रे अर्धे फुटलेले. उरलेल्यांवर देवीचे वण असावेत तसे खड्डे. आणि एक तुकडा, तांदळाएवढा, पोलादाचा, दोन कड्यांच्या मधल्या फटीत आडवा व्हायला आलेला, अगदी आडवा व्हायलाच आलेला. मी ते धाकूभाऊच्या हातात दिलं आणि म्हटलं, आता फिरवा. त्यानं फिरवलं. खर्र झालं आणि अडकलं. तो, समुद्रात वादळात हसणारा माणूस, ते तसंच धरून उभा राहिला. वहिनीनं बाळाचं तोंड पदरानं झाकलं, का कोण जाणे, जणू बाळाला ते दिसू नये.

 मला वाटतं त्या चिंचेखाली आम्ही तिघंही देवळात असावं तसे उभे होतो.

मग काम. दुसऱ्या बाजूचं बेअरिंगही काढलं. वाळक्या झावळ्यांचा थोडा जाळ करून चाकाचा मधला भाग शेकला, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक केसभर मोठं होतं, तोवर नवं बेअरिंग ओल्या फडक्यात गार ठेवलं. जुन्याचं बाहेरचं कडं नव्यावर ठेवून त्यावर ठोकायचं, आतल्या कड्याला हातोडी लागू द्यायची नाही, लागली तर छऱ्यांवर घाव बसतो आणि नवं असूनही ते आंधळं होतं. एक बाजू बसवली, नळी घातली. ही नळी विसरली तर एक्सल आवळताना दोन्ही बेअरिंगं आतल्या आत चेपतात, म्हणून मी तीनदा बघितली, आणि चौथ्यांदा धाकूभाऊला विचारलं, नळी घातली ना मी? तो म्हणाला, घातलीस, माज्या डोळ्यांनी बघितली. दुसरी बाजू बसवली. धूळ-पाणी अडवायला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, नवी चकती, ताजं ग्रीस. चाक चढवलं. मग मी स्क्रू ड्रायव्हर एक्सलवर टेकवला, मूठ दातात धरली, आणि या वेळी मला कुणाची लाज वाटली नाही. धाकूभाऊला खूण केली, फिरवा.

काय सांगू तुम्हाला काय ऐकलं ते. मुकं नव्हतं ते. मुकं वेगळं आणि शांत वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. चांगलं बेअरिंग बोलतं, लांबून ओढ्याचं पाणी वाहतं तसं, एकसारखं, न थांबता, कवटीच्या आत कुठंतरी. मी डोळे मिटून ऐकतच राहिलो. डोळे उघडले तर वहिनी समोर, म्हणाली, काय म्हनते चाक? मी म्हटलं, जा म्हणतंय. ती हसली आणि बाळाचा पाय माझ्या कपाळाला लावला. माझ्या! मी परका, हात ग्रीसचे, आणि तिनं देवीचा आशीर्वाद द्यावा तसं केलं.

त्यांच्याबरोबर मी दांडीपर्यंत गेलो नाही. धाकूभाऊ हळू हळू, बैलगाडीच्या चालीनं नेत होता गाडी, मी वळणापर्यंत बघत होतो. मग पालघरकडं चालत निघालो. गॅरेजला पोचलो तेव्हा आप्पा बाहेरच उभे. मी फुटलेलं बेअरिंग त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, सांगितलं त्यांना मी चुकलो म्हणून, तुम्ही मला काढलंत तरी चालेल. त्यांना ऐकू गेलं नाही बहुतेक, किंवा गेलं असेल. त्यांनी तो तांदळाएवढा तुकडा नखानं उचलून उजेडाकडं धरला, खूप वेळ बघितला आणि म्हणाले, उद्यापासून तुला मासळी ओळखायला शिकवायला पायजे. दुसऱ्या दिवशी पहाटे मला बाजारात घेऊन गेले, एकेका टोपलीपाशी उभं करून वास घ्यायला लावला, कोळणी पोट धरून हसत होत्या, कुणी म्हणाली, आप्पा, जावाय आनला काय पसंतीला?

या गोष्टीला तीन वर्षं झाली. वीजघर आता होत आलंय, येत्या वर्षात दिवे लागणार म्हणतात, बोईसरला नवे नवे लोक येतायत, आठवड्याला दोन-तीन नव्या फटफट्या दिसतात. आप्पा दुपारी वाडीत जातात, गॅरेज मी बघतो. कुणी चाक दाखवायला आला की मी हलवतो, फिरवतो, वास घेतो, दातात धरतो, आणि शंका आली तर उघडतोच, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, शिव्या देवो. दांडीची पोरं मला लांबून बघून ओरडतात, आला रे हुंगनारा. ओरडू दे. घरून पत्र येतं, लग्न कर, परत ये. मी मनात म्हणतो, आई, परत येईन कधीतरी, पण आत्ता माझा जीव इथल्या चाकांत अडकलाय, तो सुटत नाही. भीती अजून वाटते. ठीक आहे हा शब्द तोंडातून निघताना घशात अडकतो माझ्या, आणि मला वाटतं तो अडकायलाच पाहिजे.

परवा धाकूभाऊ आला होता, पावसाआधी चाक दाखवायला, आता दर वर्षी न चुकता येतो. मुलगी बरोबर होती, पुढं टाकीवर बसलेली, कानात डूल, हातात अर्धा खाल्लेला पेरू. तिला यातलं काही ठाऊक नाही. मी चाक फिरवत होतो तर ती कंटाळली, म्हणाली, बाबा, चला ना, या मामाला किती वेळ लागतो. धाकूभाऊ तिला ओरडायला गेला तर मी म्हटलं, असू दे, बोलू दे. बरोबरच आहे तिचं. चाकाची आठवण माणसाला व्हायलाच नको, चाक खाली आहे हे विसरून त्यानं रस्ता बघावा, झाडं बघावी. देव करो आणि तिला जन्मभर असंच विसरायला मिळो. आठवण ठेवायला आम्ही आहोत की इथं.